साळवेचा पेग

त्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या कंपनीला उत्तर काश्मीरमधली एक उंच पोस्ट मिळाली. नोव्हेंबर संपता संपता खालचा रस्ता बंद झाला. तो एप्रिलपर्यंत उघडत नाही. वर कंपनी पोस्ट, तिथून तीन तासांच्या चालीवर एक छोटी लिंक पोस्ट, आणि मध्ये नुसता बर्फ. मी तेव्हा हवालदार होतो. मूळचा श्रीगोंदा तालुक्यातला, चारी बाजूंनी ऊस असलेल्या गावातला. पुढे सुभेदार झालो आणि गेल्या वर्षी पेन्शनवर आलो.

ही आठवण व्हिस्कीची आहे. काही वाचक नाक मुरडतील. खुशाल मुरडा, पण वाचा, कारण यात ज्याच्याबद्दल सांगायचं आहे त्याने जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. हे मी गेली कितीतरी वर्षं सांगतोय आणि कुणी मनावर घेत नाही. फौजी आणि पीत नाही म्हटलं की लोक गालात हसतात. म्हणून शेवटी लिहायला बसलो.

आमचे कंपनी कमांडर मेजर बरुआ, आसामचे. सुट्टीवरून परत येताना त्यांच्या सामानात कॅन्टीनची एक स्कॉच सिंगल माल्ट असायची. एकच बाटली, आणि तीही कॅन्टीनच्या यादीतली सगळ्यात स्वस्त. सिंगल माल्ट म्हणजे काय हे एकदा नीट सांगतो. गावाकडे प्रत्येक लग्नात मी हे सांगतो आणि प्रत्येक लग्नात ते वाया जातं. फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत काढलेली, आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं मुरलेली. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्कीत उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. मळीचा वास मला कुणी शिकवायला नको. गळीत हंगामात आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो लागतो.

महाग तीच चांगली असं मानणाऱ्यांवर मेजर साहेबांचा राग होता. म्हणायचे, "महँगी बोतल की तारीफ तो कोई भी कर देगा, जगताप. सस्ती में क्या-क्या है, वो ढूँढो."

हे ढूँढणं रविवारी चालायचं. दुपारचं जेवण झालं, हत्यारं साफ झाली, रेडिओ चेक झाला की बंकरमध्ये बुखारीभोवती, म्हणजे रॉकेलच्या शेगडीभोवती, पाच-सहा जण बसायचे. एरवी ऑफिसर आणि जवान असे एकत्र बसत नाहीत, पण हिवाळ्यात अडकलेल्या कंपनीत थोडं ढिलं होतं. मेजर साहेबांकडे तोंडाला निमुळते असे दोन ग्लास होते, लोकरी मोज्यात गुंडाळून आणलेले. एक वाटेत फुटला. उरलेला एक हातोहात फिरायचा. त्यात थोडी ओतायची, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, बोलायचं, पुढे द्यायचं. सगळ्यांचा वास घेऊन झाला की मग बाटलीच्या बुचाने मोजून प्रत्येकाच्या मगात. त्यावर दोन-चार थेंब पाणी, कारण पाण्याने वास मोकळा होतो. बर्फ नाही, कारण गारठ्याने वास मरतो. बाहेर डोंगरभर बर्फ पडलेला आणि मगात त्याचा एक खडा टाकायची बंदी, यावर नायक बबन ढवळे दर रविवारी कुरकुर करायचा.

बबन पारनेर तालुक्यातला. धिप्पाड, तोंडाळ, मनाने चांगला. "साहेब, येवढ्यानं जीभ तरी भिजती का? ह्यापरीस खोकल्याचं औषध बरं, दोन चमचे तरी देत्यात," असं तो मला हळूच म्हणायचा, कारण मेजर साहेबांना म्हणायची छाती नव्हती.

आणि तिसरा, नायक अशोक साळवे. नेवासा तालुक्यातला, घोडेगावजवळच्या एका गावचा. वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात टेम्पोत गुरं चढवायचं काम करत. आजोबांनी दीक्षा घेतलेली, घर बौद्ध, आणि आई कौसाबाई शीलाची पक्की. भरती होऊन निघाला तेव्हा एसटी स्टँडवर तिने त्याला सांगितलं होतं, "पैल्या शीलाचं तू सरकारला इचार. पाचवं मातर तुझ्या हातात हाय. ते मोडू नगं." पहिलं शील म्हणजे जीवहत्या न करणं. पाचवं म्हणजे दारू न पिणं. साळवेने हे आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं आणि रम इश्यूच्या रांगेत तो कधी उभा राहिला नाही.

पण रविवारी तो यायचा. पहिल्या रविवारी ग्लास त्याच्यापाशी आला तेव्हा मेजर साहेबांनी विचारलं, "साळवे, तुम तो पीते नहीं."

"पीना नहीं है सर. सूँघना है. वासाला शील कुठं आडवं येतं?" अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

"और सूँघ के मोह हुआ तो?"

"मोह होगा तभी तो पता चलेगा सर, शील है के नहीं."

साहेब मोठ्याने हसले आणि ग्लास त्याच्या हातात दिला. साळवेने डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि म्हणाला, "सर, आढी." कच्चे आंबे पेंढ्यात पिकायला घालतात ती आढी साहेबांना समजावताना मला घाम फुटला. समजल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. पिकं फळ आणि वाळलेलं गवत, दोन्ही त्या व्हिस्कीत होतं म्हणे. पुढच्या रविवारी त्याला भिजलेली गोधडी सापडली, त्याच्या पुढच्या रविवारी बैलाचं खोगीर. बबन म्हणाला, "बैलाला खोगीर आसतंय का रं येड्या?" साळवेचं निम्मं चुकायचंच. मला तर प्रत्येक वेळी मळीच आठवायची आणि साहेब वैतागायचे, "जगताप, इसमें गन्ना है ही नहीं!" चूक झाली की आपलाच आपल्याला राग येतो तसा मला यायचा. साळवेला काही वाटायचं नाही. वास घेऊन झाला की त्याच्या वाटचं बूच आम्ही पाळीपाळीने प्यायचो. त्याला आम्ही साळवेचा पेग म्हणायचो. ज्याची पाळी असेल त्याला तो उरलेला आठवडा चिडवायचा, "माझ्या नावावर पितोस, माझ्या वाटची सेंट्री कर."

जानेवारीच्या शेवटी लिंक पोस्टची पार्टी बदलायची होती. आठ जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली, कमांडर मी. सकाळी सातला निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. लिंक पोस्टवरच्या पोरांनी रविवारच्या वर्गाबद्दल ऐकलं होतं. "हमको भी सुँघाओ साब," असा त्यांचा रेडिओवर लकडा होता. म्हणून मेजर साहेबांनी बाटलीतली उरलेली एका चपट्या फ्लास्कमध्ये भरून बबनकडे दिली. वर पोचवायची, वाटेत उघडायची नाही.

साडेआठच्या सुमारास आम्ही एक उतार आडवा कापत होतो. एकेक जण, अंतर ठेवून, प्रत्येकाच्या कमरेला मागे सोडलेली लाल दोरी. ती दोरी एवढ्याचसाठी असते, माणूस गाडला तर दोरी वर दिसावी. वरून आवाज आला. फार मोठा नव्हता. साळवे उताराच्या मध्यावर होता. बर्फ त्याच्या अंगावरून गेला आणि थांबला, आणि साळवे दिसेना.

दोरीचा वीतभर तुकडा वर होता. आम्ही फावड्यांनी आणि हातांनी उकरलं. बबन सगळ्यात पुढे होता, हे मी शपथेवर सांगतो. आधी चेहरा मोकळा केला. श्वास चालू होता. पाय मोडला होता, कपडे आतून भिजले होते, पण त्याने मला ओळखलं आणि विचारलं, "बाकीचे?" मी म्हटलं, "सगळे आहेत." तेवढ्यात वारं सुटलं आणि आभाळ भरून आलं. मी रेडिओवर कंपनी पोस्टला, म्हणजे चार्लीला, हाक दिली.

"चार्ली, पेट्रोल बोल रहा हूँ. एक कॅज्युअल्टी. होश में है. पैर टूटा है. हेली भेजो. ओव्हर."

"पेट्रोल, मौसम बंद. हेली नहीं आएगा. पैदल लाओ. ओव्हर."

मग रेडिओवर आमचा नर्सिंग असिस्टंट पिल्लै आला. "मुँह से कुछ नहीं देना. शराब बिलकुल नहीं. गीला उतारो, सूखा पहनाओ, हवा से बचाओ. ओव्हर."

आम्ही साळवेला सुके कपडे घातले, स्लीपिंग बॅगेत घातलं, दोऱ्यांनी स्ट्रेचर बांधलं. हे चाललेलं असताना बबनने फ्लास्क काढून त्याच्या ओठांना लावला. साळवेने मान वळवली.

"घे रं. आईला न्हाय सांगत मी."

"नको बबन. वास येतोय तेवढा बास झाला."

"ही येळ हाय का शील पाळायची?" बबन ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी म्हटलं, "ढवळे, फ्लास्क बंद. हुकूम आहे."

त्याने फ्लास्क बंद केला नाही. रागाने तोंडाला लावला आणि स्वतःच संपवला. मग स्ट्रेचरचा पुढचा दोर खांद्यावर घेतला. अर्ध्या तासात म्हणायला लागला, लई गरम होतंय. उजव्या हाताचा ग्लोव्ह काढून खिशात घातला. मी ओरडलो की घालायचा, मी पुढे वाट बघायला गेलो की काढायचा. दोर नीट धरता येत नाही म्हणायचा. त्या वाऱ्यात त्याचा तो हात किती वेळ उघडा होता, कुणास ठाऊक.

दुपारी दोनच्या पुढे कंपनी पोस्ट गाठली. साळवेचं बोलणं त्याआधीच थांबलं होतं. पिल्लैने आणि मेजर साहेबांनी जे करता येतं ते सगळं केलं. चारच्या सुमारास तो गेला. बबनच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडली होती, लाकडासारखी कडक. दोन दिवसांनी आभाळ उघडलं तेव्हा एकाच हेलिकॉप्टरने दोघांना खाली नेलं.

हॉस्पिटलमध्ये बबनच्या त्या तीन बोटांची पेरं काढली. कागदावर फ्रॉस्टबाइट एवढंच आलं. फ्लास्कबद्दल मेजर साहेबांनी मला बोलावून विचारलं, मी घडलं तसं सांगितलं. ते म्हणाले, "बोतल मेरी थी," आणि विषय तिथेच संपवला. त्यानंतर ते रविवारी कधी बुखारीपाशी बसले नाहीत.

एवढं सगळं डोळ्यांनी पाहूनही आमच्या लोकांच्या डोक्यातून एक गोष्ट निघत नाही. दारूने थंडी पळते. अरे, पळत नाही! दारूने अंगातली ऊब कातडीकडे येते, म्हणून माणसाला गरम वाटतं, आणि तीच ऊब बाहेर निघून जाते. घराचं दार सताड उघडून अंगण तापवायचा हा प्रकार आहे. आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर डिसेंबर लागला की मेसेज सुरू होतात, दोन घोट, थंडी पळवा. त्यात बबनचा एक ठरलेला असतो. "साळवेनं एक घोट घेतला असता तर आज आपल्यात असता." मी दर वर्षी समजावून लिहितो. दर वर्षी उत्तरादाखल चार-पाच जोडलेले हात येतात. पुढे गुड मॉर्निंगची फुलं.

साळवेच्या गावी मी रजेत दोनदा गेलो होतो. चहा घेतला, फोटोला हार घातला, आईशी बोललो. स्मृतिदिनाला मात्र नोकरीत असेपर्यंत जमलं नाही. यंदा पहिल्यांदा जमलं. बबन हवालदार होऊन कधीच रिटायर झालाय, दर वर्षी न चुकता जातो. त्याच्याच गाडीने निघालो. बरोबर कंपनीतले आणखी दोघे, त्या दिवशी उतारावर असलेले. डिकीत कॅन्टीनची एक सिंगल माल्ट होती, साळवेच्या नावाने दर वर्षी आणतात. कार्यक्रम झाला की हायवेवरच्या हॉटेलात साळवेचा पेग भरायचा, अशी यांची प्रथा. बाटलीबरोबर सोड्याच्या सहा बाटल्या आणि कोल्ड्रिंक पाहून माझं डोकं सकाळीच फिरलं. मेजर साहेबांनी एवढं शिकवलं ते कुणासाठी?

सकाळी विहारात वंदना झाली. पंचवीस-तीस माणसं. समोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली युनिफॉर्ममधला साळवे. कौसाबाई पुढे बसली होती, पांढरं पातळ, पाठ ताठ. आवाज अजून खणखणीत. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. ती एकेक शील म्हणत होती आणि लोक मागून म्हणत होते. चार शीलं झाली आणि ती गप्प बसली. पाचवं लोकांनी आपापलं म्हटलं. तिचे ओठ मिटलेले होते. माझ्याशिवाय कुणाला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही, म्हणजे ही दर वर्षीची गोष्ट असणार.

घरी जेवायला बसलो. बबन आला तसा तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्या तीन आखूड बोटांवरून हात फिरवला आणि कपाळाला लावला. मला म्हणाली, "सुभेदार, ह्या हातानं माझं लेकरू उकरून काढलं. सोताची बोटं दिली." बबन खाली बघत होता. तो हात धुवायला गेला तेव्हा मी तिला विचारलं.

"आई, पाचवं शील का म्हणाला नाही?"

"न्हाई म्हनत मी. त्यो गेल्यापसनं न्हाई."

"का?"

"त्यापायीच गेला की माझा अशोक. बबन आल्ता ना हातावर पट्ट्या बांधून. म्हनला, आई, एक घोट घेतला आसता तर वाचला आसता, पर त्यानं तुमच्या शिलापायी त्वांड फिरवलं. म्याच घातलं हुतं ते शील त्याच्या गळ्यात. म्याच मारला म्हनायचा."

ती रडली नाही. इतक्या वर्षांत हे तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यात आता रडण्यासारखं काही उरलं नव्हतं. ग्रुपवरच्या मेसेजवर मी चिडत होतो. तोच मेसेज या बाईच्या उरात पहिल्या दिवसापासून होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी तिला सगळं समजावलं. ऊब कशी जाते, पिल्लै रेडिओवर काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी खीर वाढली.

"तुमी चांगलं मानूस हाय. माझं मन राखाया बोलताय."

"आई, मी तिथे होतो."

"बबनबी हुता. आन त्याची बोटं गेल्यात. त्यो कशाला लबाड बोलंल?"

भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं वाटलं. मी बाहेर आलो. बबन गाडीपाशी उभा होता.

"बबन, तू त्या माउलीला काय सांगून ठेवलंस?"

"काय खोटं हाय त्यात? घेतला आसता तर वाचला आसता."

"पिल्लैने नको म्हणून सांगितलं होतं."

"पिल्लै खाली बुखारीपाशी हुता. म्या घेतली तवा मला ऊब आली का न्हाय? तुमीच सांगा, आली का न्हाय?"

"आणि तुझी बोटं कुठे गेली?"

त्याने हात खिशात घातला. बाकीचे दोघे मध्ये पडले, "सोडा ना साहेब, इतकी वर्षं झाली, कशाला उकरताय." मला त्यांचाही राग आला. उकरल्याशिवाय माणूस बाहेर निघत नाही, हे तिघांनाही मी त्या उतारावर दाखवलं होतं.

हॉटेलात वेटरने ग्लास मांडले. एकाने सवयीने पाचवा ग्लास मोबाईलमधल्या साळवेच्या फोटोपुढे ठेवला, त्यात दोन बोटं व्हिस्की ओतली आणि वरून सोडा ओतायला बाटली उचलली. मी त्याचं मनगट धरलं.

"तो पीत नव्हता," मी म्हटलं. "पीत नव्हता, पीत नव्हता! किती वेळा सांगू? आणि त्याच्या आईच्या गळ्यात त्याच न पिण्याचा फास अडकवून तुम्ही इथे सोडा ओतताय."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मला शरम वाटली नाही. बबनने तो सोडा न घातलेला ग्लास जवळ ओढला. मला वाटलं आता हा पिणार. त्याने तो नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला, आणि खाली ठेवला.

"म्या काय सांगू तिला?" तो म्हणाला. "हात कपाळाला लावती ती. वर्साला लावती. पैल्या येळंलाच लावला. तवा काय सांगू, पिऊन झिंगलो आन ग्लोव्ह काढला म्हनून? न्हाय जमलं. आन त्याला न्हाय वाचवता आलं, तर कायतरी कारन पायजेच की वो साहेब. मला एक कारन पायजे हुतं."

त्यात रागावण्यासारखं मला काही सापडलं नाही. पेग तसेच टेबलावर ठेवून आम्ही गाडी मागे वळवली.

कौसाबाई दारात बाजरी निवडत बसली होती. आम्हाला परत आलेलं पाहून उठायला लागली. बबन बसला नाही, सावधानमध्ये उभा राहतात तसा उभा राहिला.

"आई, त्यो हात कपाळाला लावत जाऊ नका. तसा न्हाय त्यो."

"काय झालं रं?"

"उकरलं म्याच. त्ये खरं हाय. पर तवा हातात ग्लोव्ह हुतं. बोटं तवा न्हाय गेली." मग पुढचं एका दमात बोलला. "अशोकनं घेतली न्हाय म्हनून मला राग आला. म्या सोताच प्यालो, सगळी. मंग लई गरम व्हाया लागलं, म्हनून ग्लोव्ह काढला. साहेब वराडत हुते, म्या ऐकलं न्हाय. तवा गेली बोटं."

तिने सूप खाली ठेवलं.

"ऊब आली हुती तुला?"

"लई आली हुती."

"आन त्या उबंनं बोटं गेली."

"व्हय."

ती माझ्याकडे वळली. "म्हंजी त्यानं घेतली आसती तर?"

"लवकर गेला असता, आई. वाटेतच. नाही घेतली म्हणून पोस्टपर्यंत तरी पोचला."

बाजरीत एक चिमणी उतरली, तिला तिने हाकललं नाही.

"मंग त्याला म्या न्हाई मारला," ती म्हणाली.

"नाही, आई."

ती उठली, बबनपाशी आली आणि त्याच्या त्या हातावर फाडकन एक मारली. अंगात होता तेवढा जोर लावून. "येवढी वर्सं, मुडद्या," ती म्हणाली, "येवढी वर्सं." मग तिचा बांध फुटला. बबन लहान पोरासारखा रडत होता, आणि मारलेला हात तिने सोडला नव्हता.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, पदर नीट केला आणि आत फोटोपुढे जाऊन बसली. पाचही शीलं म्हणाली. पाचव्यापाशी आवाज एकदा अडखळला, मग तिने ते पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हटलं, मोठ्याने, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतकं. आम्हा चौघांना पाली येत नाही. आम्ही टोप्या काढून दारात उभे राहिलो.

नायक अशोक साळवे, वय अठ्ठावीस. पेट्रोलवर असताना बर्फाने गेला. दुसऱ्या कशानेही नाही.